कर्जाचा पत्ता

आमच्या फ्रिस्कोत प्रेस्टन रोडवर एक चौक आहे. त्याच्या चारपैकी तीन कोपऱ्यांवर बँका आहेत आणि चौथ्यावर औषधांचं दुकान. इथे नवीन राहायला आलो तेव्हा मला कळेना की या गावात पैशाचा पूर आलाय की चणचण आहे. तिन्ही इमारती लाल विटांच्या, तिन्हींना गाडीतून न उतरता चेक भरायची सोय, आणि आत जावं तर चार कर्मचारी आणि गिऱ्हाईक शून्य. हे चालतं कसं?

(आधीच सांगून टाकतो, मी बँकेतला माणूस नाही आणि अर्थशास्त्रज्ञ तर नाहीच. माझी पीएचडी सिग्नल प्रोसेसिंगमधली. मोजमापात चूक कुठून शिरते ते हुडकणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की खाजवून बघायची वाईट सवय लागली आहे.)

शोधता शोधता एक मजेशीर गोष्ट हाती लागली. इथे ठेवींचा विमा उतरवणारी एफडीआयसी नावाची सरकारी संस्था आहे. ती दरवर्षी ३० जूनच्या तारखेने देशातल्या प्रत्येक बँकेच्या प्रत्येक शाखेत किती ठेवी आहेत याची यादी प्रसिद्ध करते, शाखेच्या पत्त्यासकट! म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या त्या ओसाड दिसणाऱ्या शाखेत किती डॉलर पडून आहेत ते मी घरी चहा पिता पिता पाहू शकतो. आपल्याकडे शेजारच्याचं पासबुक बघितल्यासारखं वाटतं ते. पाहिलं, आणि शाखा का बंद पडत नाही ते कळलं.

मग साहजिक दुसरा प्रश्न मनात आला. या शाखेने कर्जं किती दिली? इथे ती यादी गप्प. ठेवीला शाखेचा पत्ता आहे, कर्जाला नाही.

ही करमणूक इथेच संपली असती. पण त्याच सुमारास राजापूरहून मामेभावाचा फोन आला.

मामेभाऊ राजापूर तालुक्यात काजूचं छोटं युनिट टाकायच्या खटपटीत होता. बी विकत घ्यायचं, वाफवायचं, फोडायचं, सोलायचं आणि गर विकायचा. शेड घरालगतच होती. यंत्रांसाठी कर्ज हवं होतं. गावच्या शाखेत चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला साहेबांनी त्याला जे सांगितलं ते त्याने मला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं: "तुमच्या अमेरिकेतल्या भावाची एफडी आहे ना आमच्याकडे? ती तारण ठेवायला सांगा, उद्या कर्ज देतो."

एफडी आहे हे खरं. आईच्या आग्रहाखातर ठेवलेली. तिचं म्हणणं, चार पैसे आपल्या गावात असावेत. मी लगेच म्हटलं, ठेव तारण, कागद पाठव, सही करतो. पण पठ्ठ्या ऐकेना. "दादा, तुझीच ठेव अडकवून मी कर्ज काढायचं तर तुझ्याकडून हातउसने घेतलेले काय वाईट? मला बँकेचं कर्ज पाहिजे, माझ्या नावावर." यावर मला काही बोलता आलं नाही.

फोन ठेवल्यावर डोक्यात एकच घोळत राहिलं. माझे पैसे टेक्ससहून निघाले, राजापूर तालुक्यात पोचले, आणि तिथल्या माणसाच्या उपयोगी न पडता पुढे कुठेतरी गेले. बँक काही ते पोत्यात भरून ठेवत नाही. कुणाला तरी कर्जाऊ दिलेच असणार. कुणाला? कुठे?

हा प्रश्न भारतात फार जुना आहे. त्यावर लोकांनी आयुष्यं घालवलेली आहेत आणि त्यातले बरेच जण मराठी होते.

शंभर रुपयांच्या ठेवींमागे त्या भागात किती रुपयांची कर्जं दिली गेली, याला कर्ज-ठेव गुणोत्तर म्हणतात. बँकवाले नुसतं सीडी रेशो म्हणतात. जिल्ह्याचं गुणोत्तर तीस असेल तर त्याचा ढोबळ अर्थ असा की तिथल्या शंभरातले तीस तिथे फिरले आणि उरलेले सत्तर बाहेर गेले (त्यातला काही भाग सरकारी रोख्यांत आणि रिझर्व्ह बँकेत सक्तीने ठेवावा लागतोच, पण तोही जिल्ह्याबाहेरच). पाचवीच्या मुलाला जमेल असा भागाकार. पण आमच्या धंद्यात पहिला नियम असतो: आकडा किती ते विचारण्याआधी सेन्सर कुठे लावलाय ते विचार.

ठेव सरळ असते. जिथे भरली तिथली. कर्जाला मात्र दोन पत्ते असतात. एक जिथे मंजूर झालं तो, आणि एक जिथे वापरलं गेलं तो. सिमेंट कंपनीचं कार्यालय नरिमन पॉइंटला आणि कारखाना चंद्रपूर जिल्ह्यात. कर्जावर सही मुंबईत झाली, भट्टी उभी राहिली चंद्रपुरात. आता हे कर्ज कुणाचं? मंजुरीच्या पत्त्याने मोजलं तर मुंबईचं, वापराच्या पत्त्याने मोजलं तर चंद्रपूरचं. दोन्ही बरोबर. फक्त पहिल्या रीतीने चंद्रपूर उपाशी दिसतं आणि दुसऱ्या रीतीने जेवलेलं.

महाराष्ट्राचं गुणोत्तर बरीच वर्षं शंभरच्या आसपास राहिलेलं आहे. वाचून छाती फुगते. पण त्यात मुंबई आहे, आणि मुंबईत सही झालेलं कर्ज गुजरातच्या बंदरातही जातं आणि ओडिशाच्या खाणीतही.

अमेरिकेत हाच घोटाळा अजून मोठा आहे. १९८१ साली सिटीबँकेने आपला क्रेडिट कार्डाचा धंदा न्यूयॉर्कहून साउथ डकोटातल्या सू फॉल्स या गावी हलवला, कारण त्या राज्याने व्याजावरची कमाल मर्यादा काढून टाकली होती. त्यानंतर बँकांच्या मालमत्तेची राज्यवार यादी लावली की गव्हाचं-गुरांचं ते राज्य थेट वर जाऊन बसू लागलं. आणि इतकं लांब कशाला, आमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर वेस्टलेक म्हणून हजार-दोन हजार वस्तीचं गाव आहे. चार्ल्स श्वाब या दलाली कंपनीचं मुख्यालय २०२१ च्या सुरुवातीला तिथे आलं. देशभरच्या गुंतवणूकदारांच्या बँकठेवी कागदोपत्री त्या गावच्या झाल्या. वेस्टलेकच्या माणशी ठेवी काढल्या तर तिथला माळीसुद्धा कुबेर ठरेल. :)

असो. आपल्या गोष्टीकडे येऊ.

शेतकऱ्याला कर्ज कोण देतं, याची पहिली धड मोजणी रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली केली. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी. गोरवालांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ती चालवली आणि समितीत होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. ७५ जिल्हे, ६०० गावं, सव्वा लाखाच्या वर कुटुंबं. या पाहणीने सेन्सर लावला तो कर्ज घेणाऱ्याच्या दारात. नुसतं बँकेला विचारून भागवलं नाही की तू किती दिलंस. शेतकऱ्याला विचारलं की तू कुणाकडून घेतलंस. उत्तर असं आलं: शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपयांतले जवळजवळ सत्तर सावकाराचे. सरकारचे ३.३, सहकारी संस्थांचे ३.१. आणि व्यापारी बँकांचे? ०.९. रुपयाला एक पैसाही नाही.

गाडगिळांबद्दल मला विशेष कुतूहल आहे ते एका कारणासाठी. हा माणूस समितीच्या टेबलाशी बसून अहवाल लिहिणाऱ्यांतला होता, पण तेवढाच नव्हता. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करण्यात ते होते. १९३० सालापासून गोखले संस्थेत बसून त्यांनी वाई तालुक्याच्या शेतीची आणि पुणे शहराच्या कुटुंबांची पाहणी करवून घेतली. देशाच्या सरासरीवर त्यांचा फारसा विश्वास नसावा, असं आपलं मला वाटतं. तालुका घ्या, मोजा, मग बोला.

१९६७ साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. तेव्हाची स्थिती अशी की बँकांच्या कर्जांत शेतीचा वाटा दोन टक्क्यांच्या जरासा वर, आणि देशातल्या एक टक्का खेड्यांतसुद्धा व्यापारी बँकेची शाखा नाही. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, ते सगळ्यांना पाठ आहे. इंदिरा गांधी, मोरारजी, काँग्रेसची फूट, सगळं नाट्य. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात गाडगीळ अभ्यासगटाचा अहवाल आला, त्याच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. राष्ट्रीयीकरणाने बँकेचा मालक बदलला. गाडगिळांच्या अहवालाने विचारलं, की बँकेने बघायचं कुठे? त्यांचं उत्तर होतं क्षेत्राकडे. जिल्हा हे एकक धरा, तिथे काय पिकतं, काय अडतं, पतपुरवठा कुठे तुटतो ते बघा, आणि एका बँकेला त्या जिल्ह्याचं थोरलेपण द्या. नरिमन समितीने त्याला आकार दिला आणि डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना सुरू झाली. पुणे, सातारा, नाशिक हे जिल्हे बँक ऑफ महाराष्ट्रकडे आले.

आता प्रत्येक जिल्ह्याला थोरला भाऊ मिळाला खरा, पण भाऊ काम करतोय की नाही हे कळणार कसं? जिल्हावार आकडे लागणार. ते धड नव्हतेच. म्हणून एप्रिल १९७२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ए. रामन यांच्या अध्यक्षतेखाली बँक सांख्यिकीवर एक समिती नेमली आणि डिसेंबर १९७२ पासून बेसिक स्टॅटिस्टिकल रिटर्न्स, म्हणजे बीएसआर, ही पद्धत सुरू झाली.

हा लेख लिहायचं खरं कारण हा फॉर्म आहे. बीएसआर-१ मध्ये शाखेने प्रत्येक मोठ्या कर्जखात्याची एक ओळ भरायची. कर्जदार कोण (व्यक्ती, भागीदारी, कंपनी), धंदा कसला, व्याज किती, मर्यादा किती, बाकी किती. आणि त्यात एक रकाना: कर्ज कुठल्या जिल्ह्यात वापरलं जाणार, आणि ते ठिकाण खेडं, निमशहर, शहर की महानगर. म्हणजे कर्जाचा दुसरा पत्ता. १९७२ साली, संगणक नाहीत, कारकून कार्बन पेपर घालून तक्ते भरतायत, आणि कुणीतरी आग्रह धरून तो रकाना त्या फॉर्ममध्ये घातला. तो कुणी सुचवला हे मला कुठे वाचायला मिळालं नाही. पण मोजमापाच्या धंद्यातला माणूस म्हणून मी त्याला मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घालतो. कारण एकदा पत्ता लिहायचा राहिला की नंतर जगातलं कुठलंही गणित तो परत आणू शकत नाही.

मोठं खातं म्हणजे केवढं? सुरुवातीला मर्यादा १०,००० रुपयांची. १९८४ साली ती २५,००० झाली, १९९९ साली एकदम २ लाख. त्याखालच्या खात्यांची शाखेनिहाय बेरीज करायची आणि धरून चालायचं की कर्ज दिलं तिथेच वापरलं. गृहीत तसं वाजवी आहे. बियाण्यासाठी पन्नास हजार काढणारा माणूस दुसऱ्या जिल्ह्यात कशाला जाईल?

एक मोठं भोकही आहे आणि महाराष्ट्राच्या बाबतीत ते फारच मोठं आहे. हे सगळे आकडे अनुसूचित व्यापारी बँकांचे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका, नागरी सहकारी बँका, गावोगावच्या सोसायट्या यात नाहीत. म्हणजे ज्या कोल्हापूर-सांगली-साताऱ्यात उसाचं कर्ज सोसायटीतून फिरतं तिथला अर्धा संसार या तक्त्यात दिसतच नाही. विदर्भ-मराठवाड्यात अनेक जिल्हा बँका पुढे डबघाईला आल्या. तिथे तक्त्यात दिसतं तेवढंच उरलं. तेव्हा दोन जिल्ह्यांची नुसती गुणोत्तरं शेजारी ठेवून भांडणाऱ्यांना (विधिमंडळात हे होतंच) आधी विचारावं, सहकार धरलात का?

गंमत म्हणजे अगदी याच काळात अमेरिका त्याच प्रश्नाशी झगडत होती. शिकागोतल्या एका जुन्या वस्तीत गेल सिन्कोटा नावाच्या बाई होत्या, सहा मुलांची आई. त्यांच्या लक्षात आलं की वस्तीतल्या बँकेत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पैसे आहेत, पण त्याच वस्तीत घर घ्यायला बँक कर्ज देत नाही, उपनगरात देते. इथे याला लाल रेघ मारणं म्हणतात. १९३० च्या दशकात गृहकर्जाच्या सरकारी नकाशांत काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगाने भरल्या होत्या, त्यावरून. या चळवळीच्या रेट्याने १९७५ चा कायदा आला: गृहकर्ज देणाऱ्याने घर कुठल्या वस्तीत आहे ते जाहीर करायचं. बघा, पुन्हा तोच दुसरा पत्ता. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९७७ मध्ये, सिनेटर प्रॉक्समायर यांच्या पुढाकाराने दुसरा कायदा झाला की बँकेने जिथून ठेवी घेतल्या तिथल्या लोकांच्या कर्जाच्या गरजा भागवायच्या, तेही गरीब वस्त्या न वगळता. आणि आपल्याकडे १९७७ सालीच रिझर्व्ह बँकेने नियम केला की बँक असलेल्या गावात एक शाखा उघडायची असेल तर बँक नसलेल्या ठिकाणी चार उघडा. दोन देशांनी एकमेकांचं पाहून केलं असं म्हणायला काही आधार नाही. दोघांचं दुखणं एक होतं.

त्या दुसऱ्या पत्त्याची ताकद १९८८ साली दिसली. अटलांटातल्या वर्तमानपत्रात बिल डेडमन या पत्रकाराने वस्तीवार गृहकर्जांचे आकडे मांडून दाखवलं की सारख्याच उत्पन्नाच्या वस्त्या घेतल्या तरी गोऱ्यांच्या वस्तीत काळ्यांच्या पाचपट कर्जं जातात. बँका म्हणत होत्या, आम्ही माणसाचा रंग पाहत नाही. आकडा म्हणाला, पाहता. काही दिवसांतच तिथल्या बँकांनी ६.५ कोटी डॉलरची स्वस्त कर्जं जाहीर केली. मालिकेला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं.

१९९४ च्या कायद्याने बँकांना दुसऱ्या राज्यांत शाखा काढायची मोकळीक मिळाली, तेव्हा त्यात एक कलम टाकलं, कलम १०९. परक्या राज्यातून आलेल्या बँकेचं इथलं कर्ज-ठेव गुणोत्तर या राज्यातल्या बँकांच्या सरासरीच्या निम्म्याहून खाली गेलं, तर तुम्ही नुसत्या ठेवी उपसायला आलात का याची चौकशी होणार, आणि वेळ पडली तर शाखा बंद. मी हे वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलो. भांडवलशाहीच्या माहेरघरात सीडी रेशोचा कायदा!

पण इथे थांबलो तर लेख लबाडीचा होईल. गावचा पैसा गावातच राहावा हे वाक्य ऐकायला गोड आहे, आणि त्याचा प्रयोग आमच्या टेक्ससने ऐंशी वर्षं करून पाहिलाय.

फ्रिस्को हे नावच मुळी रेल्वेचं. १९०२ च्या सुमारास सेंट लुईस–सॅन फ्रान्सिस्को रेल्वे इथून गेली, इंजिनांना पाणी घ्यायला ठिकाण हवं होतं. वस्ती झाली, तिला ज्याच्या शेतावर ती वसली त्या इमर्सनचं नाव द्यायचं ठरलं. टपाल खात्याने नाकारलं, त्याच्या जवळपासच्या नावाचं गाव आधीच होतं म्हणून. मग रेल्वेचंच नाव चिकटलं. १९९० साली इथली लोकसंख्या जेमतेम सहा हजार होती, २०२० च्या जनगणनेत दोन लाख. त्या जुन्या, कापूस-धान्याच्या टेक्ससमध्ये बँकेला शाखा काढायलाच बंदी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत नियम हा की एक बँक, एक इमारत. शहरातली मोठी बँक येऊन आपला पैसा ओढून नेईल ही शेतकऱ्यांना भीती. म्हणजे गाडगिळांनी मांडला तोच आजार, औषध मात्र उलटं. आपण म्हटलं, मोठ्या बँकेने खेड्यात गेलंच पाहिजे. यांनी म्हटलं, मोठ्या बँकेने वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही.

पैसा गावात राहिला. आणि १९८६ साली तेलाचे भाव कोसळले, पाठोपाठ जमिनीचे. ज्या बँकेची सगळी कर्जं एकाच गावात तिचं नशीब त्या गावाला बांधलेलं. १९८० ते १९९४ या काळात टेक्ससमध्ये सहाशेच्या आसपास बँका बुडाल्या किंवा सरकारी मदतीने वाचवाव्या लागल्या. राज्यातल्या दहा मोठ्या बँकांपैकी एकच, सॅन अँटोनियोची फ्रॉस्ट, सरकारी मदत न घेता स्वतःच्या पायावर उभी राहिली. डॅलसच्या पूर्वेला हमरस्त्याच्या कडेने कर्जावर उभ्या केलेल्या, कधीच कुणी राहायला न आलेल्या सदनिकांचे नुसते पाये उरले होते. त्या बचतसंस्थांचं गुणोत्तर बघितलं असतं तर उत्तम असणार! म्हणून गुणोत्तर म्हणजे तब्येत असं मी मानत नाही. ताप मोजणारी काच आहे ती. साठ आलं म्हणजे पेशंट बरा असं नाही, पण वीस आलं तर कुणीतरी उठून बघायला हवं.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने सार्वजनिक बँकांच्या ग्रामीण आणि निमशहरी शाखांसाठी साठ हा आकडा ठरवला होता. १९८० च्या दशकात ग्रामीण शाखांनी तो गाठलाही. मग १९९१ नंतर वारं फिरलं, एकास चारचा नियम गेला, आणि २००० च्या सुमारास ग्रामीण शाखांचं गुणोत्तर चाळीसच्या आसपास येऊन टेकलं. हे मंजुरीच्या पत्त्याने. वापराच्या पत्त्याने जरा बरं दिसतं. म्हणजे शहरातल्या शाखेने दिलेली काही कर्जं खेड्यांत जात होती. ती कसली?

याचं उत्तर पुढच्या दहा वर्षांत कळलं आणि ते महाराष्ट्रात सगळ्यात ठळक होतं. शेतीकर्जाचे आकडे भराभर वाढले, पण त्यातला मोठा हिस्सा शहरी आणि महानगरी शाखांतून दिलेला. पल्लवी चव्हाण आणि आर. रामकुमार या अभ्यासकांनी बीएसआरच्याच तक्त्यांतून हे काढून दाखवलं. मुंबईच्या शाखेतून शेतीकर्ज! मलबार हिलवर भात लावतात की वांद्र्याला कापूस? शीतगृहं, गोदामं, खतांचे विक्रेते, शेतमालाच्या कंपन्या, या सगळ्यांची कर्जं शेतीच्या खात्यात धरायला नियमाने मुभा होती. नियमाबाहेर काही नाही. आणि ही तीच वर्षं जेव्हा यवतमाळ-अमरावतीकडून रोज एक वाईट बातमी येत होती.

आता माझा स्वतःचा हिशेब. कोकण आणि गोवा यांची गोष्ट जरा निराळी. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर चाललेला हा मुलूख. आधी मुंबईची, मग आखाताची, आता आमची अमेरिकेची. गोव्याचं गुणोत्तर वर्षानुवर्षं एक तृतीयांशाच्याही खाली राहिलंय आणि तिथे शाखांची टंचाई मुळीच नाही. ठेवी इतक्या येतात की तेवढी कर्जं घ्यायला माणसं कुठून आणणार, असं बँकवाले म्हणतात, आणि ते अगदी खोटं नाही. कर्ज घ्यायच्या वयाची माणसं ठेवी पाठवायला परगावी गेली आहेत. भागाकाराच्या वरचा आकडा मी माझ्यासकट घेऊन आलो आणि खालचा आकडा मात्र वाढवत राहिलो. आईला हे समजावून सांगायचा एकदा प्रयत्न केला. ती म्हणाली, मग परत ये.

गुणोत्तर चाळीसच्या खाली गेलेल्या जिल्ह्यांसाठी २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास उपसमित्या नेमायला सांगितलं. यशवंतराव थोरात यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाच्या शिफारशींवरून. त्यात दोन्ही पत्त्यांचा विचार केलेला आहे, ते वाचून बरं वाटलं: राज्याच्या पातळीवर वापराच्या पत्त्याने मोजा, शिवाय ग्रामीण पायाभूत निधीतून आलेले पैसेही धरा. पण जिल्ह्याच्या पातळीवर? तिथे मंजुरीचा पत्ता. कारण उघड आहे, जिल्ह्याच्या बैठकीत जिल्ह्यातल्याच शाखा येतात, त्यांच्याकडे त्यांचेच आकडे असतात. तरी वाटतं, जिथे दुसरा पत्ता सगळ्यात जास्त लागतो तिथेच तो सोडून दिला.

मामेभावाला शेवटी कर्ज मिळालं. यंत्रं विकणारा कोल्हापूरचा. त्याने आपल्या ओळखीच्या, कोल्हापुरातल्याच एका शाखेत नेलं, पंधरवड्यात काम झालं. आठ लाख, भावाच्या स्वतःच्या नावावर. मार्चमध्ये बॉयलर आला, त्याच्यापुढे नारळ फोडतानाचा फोटो त्याने पाठवला, मागे मामी पदर सावरत उभी. माझी एफडी गावच्या शाखेत आहे तिथेच आहे.

मला राहवेना. फोन करून विचारलं, "अरे, फॉर्म भरताना वापराचा जिल्हा कुठला लिहिला?"

"कसला जिल्हा?"

"म्हणजे कर्ज कोल्हापूरचं, पण युनिट रत्नागिरी जिल्ह्यात ना. तसा रकाना असतो."

"दादा, मला काय माहीत. मॅडमनी विचारलं युनिट कुठे, मी सांगितलं घराशेजारी. त्या हसल्या आणि काहीतरी टाइप केलं."